हिंदूरावांची टेकडी

महाराष्ट्रातून बदली होऊन दिल्लीस आलेल्या माणसाला एक खोड लागते. तो येथील रस्त्यांवर व चौकांत आपल्याकडची नावे शोधू लागतो. टिळक मार्ग भेटतो, शिवाजी स्टेडियम भेटते, आणि घटकाभर परमुलूख परका वाटेनासा होतो. परंतु ही सारी नावे स्वातंत्र्यानंतर सरकारी ठरावाने लावलेली आहेत. ठराव, अंमलबजावणी आणि पाटी या क्रमाने ती आली. त्यांत आमच्यासारख्या कारकुनांचाही हात लागला असेल. एक नाव मात्र असे आहे की, ते कोणत्याही ठरावाने आलेले नाही, त्याला दीडशेहून अधिक वर्षे झाली आहेत, आणि दिल्लीचा रिक्षावाला ते दिवसातून दहा वेळा उच्चारतो. ते नाव हिंदूराव.

सदर बाजाराच्या बाजूला 'बाडा हिंदूराव' नावाचा मोहल्ला आहे. तेथून वर टेकडीवर गेले की हिंदूराव रुग्णालय लागते. दिल्ली महापालिकेच्या रुग्णालयांत ते सर्वांत मोठे गणले जाते. नाव घेणाऱ्यांपैकी हा हिंदूराव कोण हे जाणणारा विरळा. आम्ही रुग्णालयाच्या फाटकाशी दोघाचौघांना विचारून पाहिले. एकाने सांगितले, कोणी दानशूर शेठजी असावेत. दुसऱ्याच्या मते ते जुन्या काळचे नामांकित डॉक्टर. तिसऱ्याने आमच्याकडे पाहून, आपणांस बाह्यरुग्ण विभागात जावयाचे आहे काय, असे विचारले. बाडा हा शब्द हिंदीत कुंपण घातलेल्या आवारासही लावतात, हे आम्हांस ठाऊक आहे. तरीही 'बाडा हिंदूराव' ऐकताना आमच्या कानाला 'हिंदूरावांचा वाडा' असेच ऐकू येते, आणि त्याला आमचा इलाज नाही.

हिंदूराव हे कागलकर घाटगे. मराठी वाचकाला त्यांची ओळख करून देण्याचा सोपा मार्ग दुर्दैवाने त्यांच्या वडिलांवरून जातो. सखारामराव घाटगे उर्फ सर्जेराव हे नाव पुण्याच्या इतिहासात कोणी प्रेमाने घेत नाही. 1797 च्या अखेरीस नाना फडणिसांना दगाबाजीने पकडण्यात आले. त्यानंतर 1798 साली पैशासाठी पुण्यातील सावकारांचा आणि कारभाऱ्यांचा जो छळ झाला, त्यात हेच सर्जेराव पुढे होते. त्याच वर्षी त्यांनी आपली कन्या बायजाबाई दौलतराव शिंद्यांना दिली आणि ते शिंद्यांचे दिवाण होऊन बसले. 1809 साली शिंद्यांच्याच छावणीत ते मारले गेले. बायजाबाई मात्र वेगळ्या धातूची. 1827 साली दौलतराव वारले, तेव्हा तिने दत्तक घेतलेल्या जनकोजीच्या नावे सहा वर्षे ग्वाल्हेरचा कारभार हाकला. काशीच्या ज्ञानवापीवरचा मंडप तिनेच बांधविला. हिंदूराव हे त्या बायजाबाईंचे बंधू, म्हणजे दौलतरावांचे मेहुणे. याच कागलकर घाटग्यांच्या घराण्यात 1874 साली जन्मलेले यशवंतराव पुढे कोल्हापूरच्या गादीवर शाहू छत्रपती म्हणून बसले. एकाच घराण्याचे हे दोन टोकांचे पुरुष पाहिले म्हणजे कुळावरून माणसाची किंमत करणाऱ्यांनी थोडे जपून असावे, असे वाटते. असो.

दिल्ली आणि शिंदे यांचा संबंध येथे थोडक्यात सांगितला पाहिजे, नाहीतर हिंदूरावांच्या दिल्लीवासातला विलक्षणपणा ध्यानात येणार नाही. महादजींनी 1772 च्या जानेवारीत शाहआलमला अलाहाबादेहून आणून दिल्लीच्या तख्तावर बसविले. 1784 साली त्यांनी पेशव्यांच्या नावे वकील-इ-मुतलकी मिळविली, आणि 1788 साली गुलाम कादिरने बादशहाचे डोळे काढल्यावर त्या आंधळ्या बादशहाला पुन्हा गादीवर बसविणारेही तेच. पुढे 11 सप्टेंबर 1803 रोजी यमुनेच्या पलीकडे पटपडगंजला जनरल लेकने दौलतरावांची फौज मोडली, तिचा फ्रेंच सरदार बूर्कें पळाला आणि दिल्ली हातची गेली. त्याच पटपडगंजच्या सोसायट्यांत आज आपले कितीतरी मराठी बांधव घर घेऊन राहत असतील. सकाळी दूध आणावयास जाताना आपण रणभूमीवरून चाललो आहो, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

तात्पर्य, ज्या दौलतरावांच्या हातून दिल्ली गेली, त्यांचा मेहुणा एका पिढीनंतर त्याच दिल्लीत राहावयास आला. तो फौज घेऊन आला नाही. 1833 साली जनकोजीच्या पक्षाने बायजाबाईंना ग्वाल्हेरबाहेर काढले, तेव्हा बंधूंचेही तेथील आसन गेले. सत्ता गेलेला, परंतु मान आणि द्रव्य बाळगून असलेला हा मराठा सरदार दिल्लीच्या वायव्येस असलेल्या टेकडीवर घर घेऊन राहिला. शत्रूकडून भाड्याने नव्हे, तर रोख विकत घेऊन.

ते घर रक्ताने माखलेले होते, असे म्हणण्यात अतिशयोक्ती फार नाही. कंपनी सरकारचा दिल्लीतील प्रतिनिधी विल्यम फ्रेझर हा या टेकडीवर राहत असे. हा गृहस्थ मोठा विक्षिप्त. मिशांना पीळ द्यावा, गाईचे व डुकराचे मांस वर्ज्य करावे, सिंहाच्या शिकारीला भाला घेऊन जावे, आणि दिल्लीच्या चित्रकारांकडून खेड्यापाड्यांतील माणसांची चित्रे काढवून घ्यावीत, असा त्याचा नित्यक्रम. फिरोजपूर झिरक्याचा तरुण नबाब शम्सुद्दीन अहमद खान आणि त्याचे सावत्र भाऊ यांच्यामध्ये लोहारूच्या जहागिरीचा तंटा होता. त्यात फ्रेझरने भावांची बाजू घेतली. 22 मार्च 1835 च्या रात्री फ्रेझर घराकडे परतत असता नबाबाच्या करीमखान नावाच्या माणसाने त्यास गोळी घातली. करीमखान फाशी गेला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात नबाबही. त्या नबाबाचा तेव्हा चारेक वर्षांचा असलेला मुलगा पुढे उर्दूतला प्रख्यात शायर दाग देहलवी झाला. टेकडीवरचा तो बंगला विक्रीस निघाला आणि हिंदूरावांनी तो घेतला. खून झालेल्या साहेबाचे घर घ्यावयास दुसरे कोण सहजी धजले असते? हिंदूराव मात्र तेथे थाटाने राहिले. दिल्लीतील साहेबमंडळींची त्यांच्या घरी जा-ये असे, आणि त्यांचा पाहुणचार प्रसिद्ध होता.

घराबरोबर हिंदूरावांकडे आणखी एक वस्तू आली, आणि आमच्या या लेखाचे खरे प्रयोजन तीच आहे. ती म्हणजे पाच तुकडे होऊन पडलेला एक दगडी खांब.

हा खांब अशोकाचा. मूळचा मेरठचा. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने तो तेथून उचलला आणि टेकडीवरच्या आपल्या शिकारमहालात, कुश्क-इ-शिकार येथे, आणून उभा केला. दुसरा असाच खांब त्याने टोपऱ्याहून आणून कोटल्यात उभारला. त्या दुसऱ्याच्या प्रवासाची हकीकत शम्स-इ-सिराज अफीफ या इतिहासकाराने लिहून ठेविली आहे. खांब आडवा पाडताना तो फुटू नये म्हणून भोवती सावरीचा कापूस पसरला. मग त्यास लव्हाळे आणि कच्चे चामडे गुंडाळले. बेचाळीस चाकांचा गाडा केला, प्रत्येक चाकास दोर लावला, आणि एकेका दोरास दोनदोनशे माणसे लाविली. म्हणजे आठ हजार चारशे माणसे झाली. नंतर मोठमोठ्या नावा एकत्र बांधून यमुनेवरून तो दिल्लीस आणला. आमच्या खात्यात एक लोखंडी कपाट एका मजल्यावरून दुसऱ्यावर नेण्यास किती टिपणे लागतात हे आठवून आम्हांस फिरोजशहाबद्दल आदर वाटतो.

त्यावर काय लिहिले आहे हे फिरोजशहाला कळले नाही. त्याने पंडितांना बोलावून विचारले. कोणासही ती लिपी वाचता आली नाही. ज्या राजाच्या स्तंभलेखांत अमुक अमुक प्राणी मारू नयेत अशी आज्ञा कोरलेली आहे, त्याचा खांब नेऊन शिकारमहालाच्या अंगणात उभा केला गेला, आणि त्या खांबाखाली हरणे सोलली गेली असतील. यात बादशहाचा दोष नाही. लिपी मेली की आज्ञा मुकी होते. 1398 साली तैमूर आला, टेकडीवरचा महाल लुटला गेला, पण खांब उभाच होता. पुढे फर्रुखसियरच्या कारकिर्दीत, 1713 ते 1719 यांच्या दरम्यान, जवळच्या दारूखान्याचा स्फोट झाला आणि खांब कोसळला. त्याचे पाच तुकडे झाले. शंभराहून अधिक वर्षे ते तसेच पडून होते. फ्रेझरच्या आवारात पडले होते ते आता हिंदूरावांच्या आवारात पडले.

1837 हे साल या हकीकतीत मोलाचे आहे. त्या वर्षी कलकत्त्यास जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपीचे कोडे सोडविले. स्तंभावरचा 'देवानांपिय पियदसि' हा कोण राजा, याचाही त्याच सुमारास सिंहली ग्रंथांवरून उलगडा झाला, आणि विस्मृतीत गेलेला अशोक इतिहासात परत आला. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीला आता प्रत्येक तुकडा हवा होता. अशा वेळी हिंदूरावांनी आपल्या आवारातील खांब सोसायटीला देऊन टाकिला. अखंड तुकडे कलकत्त्यास नेणे परवडेना, म्हणून लेख असलेला भाग करवतीने कापून तेवढाच तिकडे पाठविण्यात आला. 1866 साली तो भाग दिल्लीस परत आला, आणि 1867 साली पाचही तुकडे जोडून खांब टेकडीवर पुन्हा उभा करण्यात आला.

हिंदूरावांनी हे दान का केले असेल? साहेबांना खूष ठेवण्यासाठी असे कोणी म्हणेल, आणि ते अगदीच खोटे नसेल. आवारातली अडगळ गेली असेही कोणी म्हणेल. आम्हांस एवढेच सांगावयाचे आहे की, त्या काळी हिंदुस्थानभर जुन्या दगडांच्या पायऱ्या, जाती आणि रस्त्यावरचे रूळ होत होते. नगाला हात न लावता, त्याचे काही मोल आहे हे समजून तो विद्वानांच्या हाती देणारे सरदार आमच्या माहितीत फार नाहीत. ज्या घराण्याचे नाव पुण्यात लुटीशी जोडले गेले, त्यातील एका पुरुषाने दिल्लीत हे दिले. मराठ्यांचा आणि दिल्लीचा देवघेवीचा जमाखर्च कोणी मांडील, तर ही रक्कम जमेस धरली पाहिजे.

सत्तावन्नचे बंड पेटले तेव्हा हिंदूराव हयात नव्हते. घर मात्र होते, आणि त्या घराचे नाव पुढे विलायतेतील वर्तमानपत्रांत जाऊन पोहोचले. 8 जून 1857 रोजी बादली की सरायची लढाई जिंकून इंग्रज टेकडीवर आले, तेव्हा दिल्लीच्या तटाकडे तोंड करून असलेली सर्वांत मोक्याची जागा हीच होती. मेजर रीडच्या हाताखालील सिरमूर पलटणीचे गुरखे येथे ठाण मांडून बसले. तटावरून तोफांचे गोळे येत, शिपायांचे हल्ल्यांवर हल्ले येत. तीन महिन्यांत तसे सव्वीस हल्ले झाल्याचे सांगतात, आणि चारशे नव्वद गुरख्यांपैकी तीनशे सत्तावीस मेले किंवा जखमी झाले. 14 सप्टेंबरला इंग्रजांनी शहरावर चढाई केली. त्यांच्या इतिहासांतून 'हिंदूरावचे घर' हे शब्द पानोपानी येतात. पण तेथे तो केवळ एक मोर्चा आहे. हिंदूराव हे कोणा माणसाचे नाव होते, हे तेव्हापासूनच लोपू लागले असावे.

इंग्रजांनी आपल्या मृतांसाठी जवळच एक टोकदार लाल दगडी मनोरा उभारला. 1972 साली त्याचे नाव अजितगड ठेवण्यात आले, आणि लेखांत ज्यांना 'शत्रू' म्हटले आहे ते परकीय सत्तेविरुद्ध लढून अमर झालेले वीर होत, असा खुलासा करणारी नवी पाटी तेथे लाविली. मनोऱ्यापाशी जाणाऱ्या रस्त्याला झाशीच्या राणीचे नाव आहे. म्हणजे एका बाजूस तांब्यांच्या मनूचा रस्ता, दुसऱ्या बाजूस घाटग्यांच्या नावाचे रुग्णालय, आणि मध्ये अशोकाचा खांब! दिल्लीत इतक्या थोड्या जागेत इतकी मराठी नावे दुसरीकडे आम्ही पाहिली नाहीत.

एका रविवारी आम्ही काही मित्र पुलबंगश मेट्रो स्थानकावर उतरून ही टेकडी पाहण्यास गेलो. रुग्णालयात पाय ठेवताच इतिहास मागे पडतो. स्ट्रेचर, चिठ्ठ्यांच्या रांगा, सतरंजीवर डबा उघडून बसलेले रोग्यांचे नातलग. बंगल्याचे जुने रूप नव्या बांधकामांत पुरते गुरफटून गेले आहे. आवारातच पीर गायब नावाची फिरोजशाही दुमजली इमारत उभी आहे. छतास आरपार भोक आहे. त्यावरून ती वेधशाळा असावी असा काहींचा तर्क, तर लोकांची समजूत अशी की, येथे ध्यानास बसलेला पीर एके दिवशी अदृश्य झाला. जवळच फिरोजशहाच्या वेळची खोल बावडी आहे. बाहेर टेकडीभर विलायती बाभळीचे रान माजले आहे आणि त्यात माकडांचे राज्य आहे. आमच्यातील एकाच्या हातची केळी गेली. ती कोणी नेली हे तो सांगू शकला नाही, इतक्या चपळाईने गेली.

उतरणीवर रोशनआरेची बाग लागते. शहाजहानची ही कन्या 1671 साली वारली, आणि तिला तिने स्वतः लाविलेल्या बागेत पुरले. बागेच्या नशिबी असे क्वचित येते की, लावणारा तेथेच कायमचा राहावा. तेथील गवतावर विसावलो असता मित्रांपैकी एकाने जपानमधील क्योतो शहराचा विषय काढला. आम्ही क्योतो पाहिलेले नाही. कारकुनाच्या रजा-प्रवास सवलतीत ते गाव बसत नाही. परंतु त्याविषयी वाचले पुष्कळ आहे, आणि त्या दिवशी टेकडी उतरल्यावर जे आठवले ते वाचकांपुढे ठेवल्यावाचून राहवत नाही.

क्योतोच्या पूर्वेकडील डोंगराच्या पायथ्याशी गिन्काकुजी म्हणून मंदिर आहे. गिन्काकु म्हणजे चांदीचा मंडप, यद्यपि चांदीचा पत्रा त्यावर कधी चढला नाही. ते मुळात मंदिर नव्हते. अशिकागा योशिमासा या शोगुनाने 1482 साली बांधावयास घेतलेला तो विश्रामवाडा. त्याच्या अमदानीत 1467 पासून दहा वर्षे सरदारांची आपसात लढाई चालली आणि क्योतो जळून गेले. त्याच्याने काही आवरले नाही. राज्य ज्याच्याने चालत नाही असा हा पुरुष शहराच्या कडेला येऊन वाळू, शेवाळ, पाणी आणि चहा यांत रमला. चार-साडेचार चटयांची एक लहानशी खोली त्याने तेथे केली. पुढच्या जपानी चहाघरांचा नमुना तीच, असे सांगतात. 1490 साली तो वारला, आणि त्याच्या इच्छेप्रमाणे वाड्याचे झेन मंदिर झाले. त्याच्या आजाचा, योशिमित्सूचा, सोन्याचा मंडपही असाच 1408 साली धन्याच्या मृत्यूनंतर मंदिर झाला. 1950 च्या जुलैत एका तरुण भिक्षूने त्याला आग लाविली. पाच वर्षांत जपानी लोकांनी तो पुन्हा बांधला. गिन्काकुजीत वाळूचा एक सपाट माथ्याचा उंच ढीग आहे. पावसाने त्याची कड ढासळते, आणि माणसे ती पुन्हा नीट करतात. शेवाळावरची पाने रोज वेचली जातात.

टेकडीवर येऊन राहिलेला, राज्य हातचे गेलेला धनी. त्याच्या मागे घराने बदललेला व्यवसाय. येथवर दोन्ही हकीकती हातात हात घालून चालतात. पुढे त्या फुटतात. तेथे घराबरोबर बाग राखण्याचे कामही पुढच्या हाती गेले, आणि बाग झाडणे ही पूजाच ठरली. येथे घर आधी छावणीकडे आणि मग रुग्णालयाकडे गेले. आम्ही त्याची तक्रार करीत नाही. टेकडीवर माणसे बरी होत असतील, तर वाळूवर रेघा नसल्या तरी चालेल. हिंदूरावांनाही, पाहुणचाराची हौस होती म्हणून, घरी रोज हजारो माणसे येतात हे कदाचित आवडले असते. तक्रार आहे ती निराळीच.

परतताना आम्ही खांबापाशी थांबलो. रुग्णालय आणि अजितगड यांच्यामध्ये, रस्त्याच्या कडेला तो उभा आहे. उंची सुमारे 10 मीटर. टोपऱ्याच्या खांबावर जी झळाळी आहे ती येथे नाही. पाच तुकड्यांचे सांधे दुरूनही दिसतात, आणि करवतीच्या खुणा जवळून. पायथ्याच्या दगडावर इंग्रजीत हकीकत कोरली आहे. प्रथम अशोकाने मेरठला उभारला. मग फिरोजशहाने 1356 साली येथे आणिला. मग स्फोटाने पाच तुकडे झाले. मग 1867 साली ब्रिटिश सरकारने दुरुस्त करून पुन्हा उभा केला. ज्याच्या आवारात ते तुकडे होते आणि ज्याने ते दिले, त्याचे नाव त्या दगडावर नाही.

आमच्यातील एकजण पुरातत्त्व खात्याला पत्र लिहावे म्हणाला. दुसऱ्याने खिशातून कागद काढला आणि मसुदा तेथेच, खांबाच्या कठड्यावर ठेवून, सुरू झाला. 'विषय' या शब्दापुढे काय लिहावे यावर पंधरा मिनिटे वाद झाला, कारण चारही जण सरकारी नोकर. अखेर 'हिंदूराव घाटगे, कागलकर, यांच्या देणगीचा उल्लेख असणेबाबत' असे ठरले. आता तो टंकलिखित होऊन आमच्या मेजावर आहे. सह्या चार झाल्या आहेत. आणखी कोणा वाचकास करावयाची असेल, तर मसुदा आमच्याकडेच आहे.